नवरीच्या गालावरचं ॲसिड

लग्न नऊ दिवसांवर आलं असताना ती एकटीच माझ्याकडे आली. नसरापूरच्या पेठेत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं पार्लर आहे. एक खोली, दोन खुर्च्या आणि फेशियलसाठी एक खाट. जिना लाकडी आहे, त्यामुळे वर येणाऱ्याची पावलं आधी ऐकू येतात. ती जिन्यात दोनदा थांबली आणि मग वर आली.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सोंडेवर धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती आहे. ती तिथली. घरी शेळ्या आणि चार-पाच गाई. वडील लहानपणीच गेले, आई आणि चुलत्यांनी तिला वाढवलं. बारावी झाल्यावर ती शेळ्यांमागंच होती. उन्हानं चेहरा रापलेला आणि गालांवर, हनुवटीवर मुरमांचे जुने काळपट डाग. नवरा मुलगा विंझरजवळच्या गावचा, हायवेवरच्या एका कंपनीत कामाला. याआधी ती दोनदा माझ्याकडे भुवया करायला आली होती. या वेळी तिनं मोबाईलमध्ये एका मुलीचा व्हिडिओ दाखवला. त्या मुलीचे डाग पंधरा दिवसांत गेलेले दिसत होते.

"ताई, हे तुमच्याकडं असतं का?" तिनं विचारलं.

ते माझ्याकडं होतं. खरं तर दोन प्रकारचं होतं. एक दुधापासून येणारं सौम्य ॲसिड, लॅक्टिक. ताकानं तोंड धुतलं की कातडी मऊ लागते, ती ज्या आंबटपणामुळं, तोच हा प्रकार, फक्त मोजून केलेला. पाच टक्क्यांची ती बाटली मी दोन वर्षं वापरत होते. त्यानं वरची मेलेली कातडी हळूहळू सुटते, चेहऱ्याला थोडा उजाळा येतो. पण त्याला महिना-दोन महिने लागतात. आणि दुसरं होतं ग्लायकोलिक, उसापासून येणारं. त्याची तीस टक्क्यांची बाटली मी पुण्यातल्या दोन दिवसांच्या एका शिबिरातून आणली होती. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की ही ताकद डॉक्टरांच्या हाताखालीच वापरायची. ते मी वहीत लिहून घेतलं होतं. तरी बाटली घेतली. शिबिरातून आलेल्या आम्ही सगळ्यांनीच घेतली होती.

नऊ दिवसांत सौम्य ॲसिडानं काही होणार नाही, हे मला माहीत होतं. तिला तेवढंच सांगून, तोंड स्वच्छ करून, उन्हापासून जपायला सांगून परत पाठवता आलं असतं. पण ती वस्तीवरून दोन तासांची वाट करून आली होती. वेल्ह्यापर्यंत पायी आणि पुढं वडापच्या जीपनं. शिवाय तिच्या लग्नाचा मेकअप माझ्याकडंच होता. ती वस्ती, तिचं सासर, तिथल्या बायका, सगळ्यांपुढं माझं काम जाणार होतं. मी विचार केला तो माझ्या नावाचा. आज हे लिहिताना मला ते लपवायचं नाही.

ॲसिड आधी थोडं लावून बघायचं असतं. कानामागं किंवा कोपराच्या आत थोडंसं लावायचं आणि एक दिवस थांबायचं. मी तेही केलं नाही, कारण तिला उद्या पुन्हा यायला लावणं मला जड वाटलं. त्याच दिवशी तिच्या वरच्या ओठाचे आणि गालांच्या कडेचे केस मी दोऱ्यानं काढले. दोऱ्यानं किंवा मेणानं केस काढलेल्या कातडीवर निदान चार-पाच दिवस ॲसिड लावायचं नसतं. मी तासाभरातच लावलं.

आणि एक प्रश्न विचारला नाही. तू घरी चेहऱ्याला काय लावतेस?

खाटेवर ती डोळे मिटून पडली. मी ब्रशनं कपाळापासून सुरुवात केली, मग नाक, हनुवटी, शेवटी गाल. मोबाईलवर तीन मिनिटांचा गजर लावला. चाळीस सेकंद झाले असतील, ती म्हणाली की जळतंय. मी पंखा तिच्याकडं वळवला आणि थोडं चुरचुरतंच असं सांगितलं. ते खरंही असतं. थोडं चुरचुरणं, मुंग्या आल्यासारखं होणं, हे सगळ्यांनाच होतं. पण तिनं चुरचुरतंय असं म्हटलं नव्हतं. जळतंय म्हणाली होती.

दीड मिनिटानं तिनं खाटेची कड घट्ट धरली.

"ताई, लई जळतंय. काढा."

"अजून मिनिटभर थांब," मी म्हणाले.

ती थांबली. मी सांगितलं म्हणून थांबली. शेळ्यांमागं काट्याकुट्यांतून फिरणारी मुलगी, तिला सोसायची सवय होती आणि मी मोठी होते. मी तिच्या गालाकडं बघत होते. उजव्या गालावर एक रुपयाएवढा भाग लाल व्हायच्याऐवजी पांढुरका होऊ लागला, चुना पुसट लागावा तसा. शिबिरात याच खुणेबद्दल सांगितलं होतं की हे दिसलं तर एक क्षणही थांबायचं नाही. ॲसिडाचा जोर मारायला मी आधी सोड्याच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, मग बादलीभर पाणी घेऊन मगानं तिच्या तोंडावर ओतत राहिले. खाट भिजली, तिचा ड्रेस भिजला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कुठलं पाणी हे कळत नव्हतं.

अर्ध्या तासानं दोन्ही गाल लालबुंद होते. तो पांढरा भाग आता तांबूस, चकचकीत दिसत होता. मी तिला साधी क्रीम लावली, ओढणीनं तोंड झाकून घ्यायला सांगितलं आणि उद्यापर्यंत उतरेल असं म्हटलं. ते मी तिला सांगत होते की स्वतःला, हे आज सांगता येणार नाही. ती जिना उतरून गेली. वडापची जीप भरून निघून जाईपर्यंत मी वरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोटो आला. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. उजवा गाल सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, आणि मध्ये तपकिरी खपलीसारखा चट्टा. डाव्या गालावरही तसेच दोन लहान चट्टे. मी शिवरे गावातल्या आमच्या घरी चुलीपाशी उभी होते. भाकरी करपली तरी मला वास आला नाही.

मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी फोटो दाखवला. त्यांचा भाजीचा टेम्पो आहे, माणसांशी रोजचा संबंध येतो, त्यामुळं ते चटकन घाबरत नाहीत. त्या दिवशी घाबरले. तिकडं जाऊ नकोस असं म्हणाले. फोनवरूनच काय ते सांग, आधी तिच्या घरच्यांचा राग शांत होऊ दे. तक्रार झाली तर पार्लर बंद पडेल, शिवाय वस्तीवर दहा-बारा माणसं, तू एकटी बाई. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी शिबिराची वही काढली, त्या दिवशी मी काय काय केलं ते ओळीनं आठवलं आणि प्रत्येक पानावर मी मोडलेला नियम मला माझ्याच अक्षरात सापडला. वही मिटली आणि म्हटलं, टेम्पो काढा. ते किल्ली घेऊन आले.

वैशाखाचं ऊन नऊ वाजताच तापलं होतं. वेल्ह्याच्या पुढं जिथं गाडीवाट संपते तिथं टेम्पो लावला आणि चढायला लागलो. वर पोचल्यावर काय बोलायचं, याची मी दहा वाक्यं जुळवली आणि मोडली. त्यातल्या निम्म्यांची सुरुवात "तिनंच सांगितलं होतं" अशी होती.

अंगणात लग्नाचा मांडव घालायला आणलेल्या वाशांचा ढीग होता. चुलते तिथंच उभे होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर घोंगडी. त्यांनी मला ओळखलं आणि मालकांकडं बघितलं. आत जायच्या वाटेतून ते हलले नाहीत.

"ॲसिड लावलं म्हनं तुमी पोरीला," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा मला कळलं, माझ्या आणि त्यांच्या मनातला शब्द एक नाही. मी त्याला बाटलीवरचं नाव समजत होते. त्यांना तो बातम्यांमधून माहीत होता, बाईच्या तोंडावर फेकतात तो. मी दुधातलं, उसातलं असं काही सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले. आत त्यांची पुतणी सुजलेल्या तोंडानं बसली होती. दुधातलं असो की कशातलं.

"व्हय काका, लावलं," मी म्हणाले. "जोरकस होतं. मी लावायला नको होतं. ती काढा म्हणाली तरी मी थांबवलं. चूक माझी आहे. आधी तिला डॉक्टरकडं नेऊ द्या, मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

मग आतून तिची आई बाहेर आली आणि चुलते वाटेतून बाजूला झाले.

तिची आई बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. आत नेलं. मुलगी भिंतीला टेकून बसली होती आणि गालावर काहीतरी हिरवं थापलेलं होतं. कोरफडीचा गर, बांधावरून कापून आणलेला. त्याखाली आधी हळद आणि साय लावून झाली होती. मी पाणी मागितलं आणि ते हलक्या हातानं धुऊन काढलं, न चोळता. धुताना तिला विचारला, कालच विचारायला हवा होता तो प्रश्न. घरी काय लावत होतीस?

ती उठली, ट्रंकेतून एक चेपलेली ट्यूब घेऊन आली. मेडिकलमधून मैत्रिणीनं आणून दिलेली, गोरं व्हायची म्हणून. चार महिने रोज लावत होती. मी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि खाली बसले. त्यात स्टेरॉइड होतं, आणि कातडी सोलवटणारं आणखी एक औषध होतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावायची ती ट्यूब नव्हती. चार महिन्यांत तिची कातडी कागदासारखी पातळ झाली असणार आणि तिच्यावर मी तीस टक्के ओतलं.

एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. हे कारण आहे, हे दाखवता येईल, असं मनात आलं. मी ट्यूब हातात धरून तिच्या आईकडं बघितलं. तिनं माझ्या मनातलं ओळखलं असावं.

"आमच्यात शेळीला चारा बदलायचा तरी थोडा थोडा बदलत्यात," ती म्हणाली. "आन् आदी ती काय खातीया ते इचारत्यात. तुमी इचारलं न्हाई."

नाही विचारलं, असं मी म्हटलं. मग ट्यूब पिशवीत टाकली, डॉक्टरांना दाखवायला.

त्वचेच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोन दिवस भोरला बसतात आणि तो दिवस त्यातला निघाला. मुलगी आणि आई टेम्पोत पुढं बसल्या, चुलते आणि मी मागं हौद्यात, रिकाम्या क्रेटच्या मध्ये. वेल्ह्याहून भोरपर्यंत त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. कापूरहोळला ऊन इतकं झालं की त्यांनी घोंगडी डोक्यावर घेतली आणि तिचं दुसरं टोक माझ्याकडं सारलं. मी ते घेतलं नाही. मला ते घ्यायचा हक्क वाटला नाही.

मॅडमनी आधी गाल बघितले, मग ट्यूब, मग मी वाटेत पार्लरमधून घेतलेली बाटली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलीला त्यांनी सांगितलं की जखम वरवरची आहे, आत खोल गेलेली नाही, व्रण राहण्याची भीती कमी आहे, पण खपली ओढली किंवा ऊन लागलं तर डाग बसेल आणि तो महिनोन्‌महिने जाणार नाही. साध्या पाण्यानं धुवायचं, त्यांनी दिलेलं मलम जाड थरानं लावायचं, बाकी काही नाही. लिंबू नाही, बेसन नाही, कोरफड नाही, हळद नाही. ती ट्यूब कायमची बंद. ट्यूब बंद केल्यावर चेहरा लाल होईल, मुरमं उठतील, त्यानं घाबरून पुन्हा ती लावायची नाही, त्याऐवजी त्यांच्याकडं यायचं.

हळद नाही, हे ऐकल्यावर आईनं मान वर केली.

"लगीन हाय बाई आठ दिसांनी."

मॅडम म्हणाल्या, "चेहऱ्याला हळद नको. हाताला, पायाला लावा."

धनगरांच्या घरात, आमच्याही घरात, नवरीच्या तोंडाला हळद लागली नाही असं लग्न मी पाहिलेलं नव्हतं. चुलत्यांच्या हातातली टोपी मी बघत होते, ती ते पिळत होते.

शेवटी मॅडमनी मला एकटीला थांबवलं. बाटली त्यांच्या टेबलावर होती. ही मी ठेवून घेते, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, सौम्य वापरतेस ते कसं वापरतेस? मी सांगितलं. त्यांनी मध्येमध्ये दुरुस्त केलं. पाच टक्केसुद्धा आठवड्यातून एकदाच सुरू करायचं. कोरड्या, न सोललेल्या, न जळालेल्या कातडीवर, संध्याकाळी. त्या आठवड्यात दुसरा स्क्रब नाही, ब्लीच नाही, मेण नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सनस्क्रीन, आणि जी बाई दिवसभर रानात असते आणि सनस्क्रीन लावणार नाही, तिला ॲसिड द्यायचंच नाही, कारण नवी कातडी उन्हात आधीपेक्षा जास्त काळी पडते. गरोदर बाईला, चेहऱ्यावर औषध लावणाऱ्या बाईला आधी डॉक्टर. आणि जळतंय असं माणूस म्हणालं की धुवायचं, घड्याळ बघायचं नाही. हे शेवटचं त्या सावकाश बोलल्या. मी तिला थांब म्हटल्याचं त्यांना कोणी सांगितलं असेल तर तिनंच, मी औषधं आणायला बाहेर गेले तेव्हा.

पुढचे दोन दिवस सूज उतरत गेली. मी रोज सकाळी फोन करत होते, ती रोज फोटो पाठवत होती. चट्टे तपकिरी झाले, कडा सुटू लागल्या. मग तिसऱ्या दिवशी मुलाच्या मामांचा फोन वस्तीवर आला. पोरीच्या तोंडावर ॲसिड टाकलंय हे खरं काय, आणि टाकलं तर कुणी आणि का. भोरच्या दवाखान्यात कुणीतरी तिला ओढणी झाकलेली बघितलं होतं, कुणीतरी चुलत्यांचं बोलणं अर्धवट ऐकलं होतं. विंझरला पोचेपर्यंत त्या बातमीत ॲसिड टाकणारा एक मुलगा आला होता, जुन्या भानगडीचा, जो कुठंच नव्हता.

तिच्या आईनं मला फोन केला. आवाज बदललेला होता. पोरीच्या चालीवर आलंय, असं म्हणाली. लग्न मोडलं तर मोडू दे, पण हे तोंडाला लागलेलं कधी धुऊन निघायचं नाही.

मी पार्लर बंद केलं आणि मालकांबरोबर विंझरला मुलाच्या घरी जायचं ठरवलं. माझ्या चुकीनं तिची अब्रू जात होती, ते मलाच सांगायला हवं होतं. बाटलीचं रिकामं खोकं, डॉक्टरांची चिठ्ठी, पार्लरची पावती, सगळं पिशवीत भरलं. निघणार तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिनं मला येऊ नका म्हणून सांगितलं. तिनं स्वतःच नवऱ्या मुलाला फोन केला होता.

ते बोलणं तिनं मला पुढं खूप दिवसांनी सांगितलं. तिनं त्याला सगळं सांगितलं. ट्यूबचं, चार महिन्यांचं, मी लावलेल्याचं, थांब म्हटल्याचं. मग व्हिडिओ कॉल लावला आणि ओढणी काढली. खपल्या सुटत होत्या तो दिवस, चेहरा सगळ्यात वाईट दिसत होता. त्यानं एकदा नजर बाजूला केली. तिला वाटलं आता फोन ठेवणार.

"दुखतंय का अजून?" त्यानं विचारलं.

ती नाही म्हणाली. मग तो म्हणाला की ती ट्यूब कशाला लावत होतीस, तुझा चेहरा मी बघूनच हो म्हटलं होतं. हे तो रागानं म्हणाला, असं तिनं मला सांगितलं. राग तिच्यावर होता की कुणावर, ते तिला तेव्हा कळलं नाही. त्या संध्याकाळी तो आणि त्याचे वडील वस्तीवर आले. अंगणात बसले, चहा घेतला, तिला समोरासमोर बघून गेले. मामा आले नाहीत.

हळदीच्या दिवशी मला बोलावणं होतं. मला वाटलं नव्हतं येईल. मी गेले आणि मागं बायकांत उभी राहिले. पाटावर बसलेल्या तिच्या गालावर मलमाचा थर चमकत होता. पहिली सवाशीण हळदीचा हात घेऊन पुढं झाली, तो सवयीनं सरळ तिच्या तोंडाकडं गेला. तिच्या आईनं तो हात मनगटाला धरला आणि खाली नेला, तिच्या पायांवर ठेवला. दुसऱ्या बाईनं पायालाच लावली, तिसरीनं हाताला. एक म्हातारी मागून कुजबुजली, हे काय शकुनाचं न्हाई. आईनं तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. सगळ्या बायका होईपर्यंत ती मुलीच्या बाजूला तशीच उभी राहिली.

लग्नात मी तिला मेकअप केला नाही. कोवळ्या कातडीवर फाउंडेशन लावायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. डोळ्यांत काजळ, ओठांना थोडा रंग, केस, आणि सनस्क्रीन, तेही तिच्या मनगटावर आदल्या दिवशी लावून बघून. मांडवातल्या फोटोंत उजव्या गालावरचा गुलाबी-तपकिरी भाग स्पष्ट दिसतो. फोटोवाल्यानं तो पुसून देतो म्हटलं होतं. तिनं नको म्हटलं. कारण विचारलं नाही मी.

डाग जायला सात महिने लागले. त्यातले पहिले दोन ट्यूब सोडल्याचे, मुरमांचे, रडण्याचे. दर महिन्याला मी तिच्याबरोबर भोरला गेले. आठव्या महिन्यात मॅडमनीच तिला सौम्य लॅक्टिक आठवड्यातून एकदा लावायला सांगितलं. त्या दिवशी ती ते माझ्याकडून लावून घ्यायला नसरापूरला आली. मी कानामागं थेंब लावला आणि तिला उद्या ये असं सांगितलं. ती हसली नाही, कटकटही केली नाही. दुसऱ्या दिवशी आली.

वस्तीवरच्या बाकीच्या बायका माझ्याकडं यायच्या बंद झाल्या त्या बंदच राहिल्या. वेल्ह्यातल्याही काही. मी त्यांना दोष देत नाही. माझी गिऱ्हाइकं आता हायवेच्या बाजूची आहेत, आणि खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला मी पहिल्यांदा घरातली प्रत्येक बाटली, प्रत्येक ट्यूब घेऊन यायला सांगते. काही जणी चिडतात. एक-दोघी उठून गेल्या. गेल्या महिन्यात एका मुलीनं पर्समधून तीच ट्यूब काढली, वेगळ्या रंगाच्या खोक्यातली. लग्न तीन आठवड्यांवर होतं. मी तिला काही लावलं नाही. भोरचा दिवस सांगितला आणि तिच्या आईला फोन करून तिच्याबरोबर जायला लावलं.